वेदनाहर चूर्णातील अनाहूत पाहुणा : बेंझॉक्साझोलचे संश्लेषण आणि आपण



वर्षा ऋतू लागला की वातप्रकोपाचे रुग्ण वाढतात. संधिगत वात, कटिशूल, गृध्रसी, मन्यास्तंभ यांच्या रुग्णांनी चिकित्सालये भरून जातात आणि त्याच सुमारास आम्हां औषधनिर्मात्यांकडे एक ठरावीक तक्रार येऊ लागते. "तुमच्या योगराज गुग्गुळाचा गुण येतो, पण उशिरा येतो. रुग्ण तोपर्यंत थांबत नाही." ही तक्रार करणारे आपलेच वैद्यबंधू असतात आणि तीत तथ्य नाही असेही नाही. प्रस्तुत लेखाचा विषय रसायनशास्त्रातील एका संयुगवर्गाच्या संश्लेषणाचा आहे. तथापि त्याचे मूळ या तक्रारीत आहे, हे आरंभीच सांगून टाकणे आम्हांस उचित वाटते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका पावसाळ्यात एक व्यापारी आमच्या औषधनिर्माणशाळेत आला. त्याच्याजवळ फिकट बदामी रंगाचे चूर्ण होते. शल्लकी व एरंडमूळ यांचे घनसत्त्व, असे त्याने त्याचे वर्णन केले. मात्रा एक ग्रॅम, गुण अर्ध्या तासात आणि किंमत चांगल्या शल्लकी निर्यासाहूनही कमी! आम्ही नमुना ठेवून घेतला. खरे सांगावयाचे तर संशय आला म्हणून नव्हे, मोह झाला म्हणून ठेवून घेतला. आमच्या एका सहकाऱ्याने गुडघेदुखीसाठी ते चूर्ण स्वतः घेऊन पाहिले. वेदना खरोखरच लवकर शमली; पण त्याबरोबर गुंगीही आली. शल्लकीने गुंगी येत नाही. तेथे आमचे डोळे उघडले. नमुना तपासणीसाठी पाठविला. अहवालात एका संश्लेषित औषधाचे नाव होते : क्लोरझॉक्साझोन.

ते नाव आम्हांस तोपर्यंत केवळ ऐकून माहीत होते. तो रेणू कोणता, तो कसा तयार होतो, इतका स्वस्त कसा पडतो, शरीरात त्याचे पुढे काय होते, यांपैकी काहीही सांगता आले नसते. ज्या पदार्थाने आमच्या दारात पाऊल ठेवले होते त्याची ओळखच आम्हांस नव्हती. हे अज्ञान आपल्यापैकी अनेकांचे असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

हा रेणू आहे तरी काय?

बेंझीनचे सहा कार्बनांचे वलय आपण सर्वांनी विज्ञान शाखेत असताना पाहिले आहे. त्याच्या एका कडेला पाच अणूंचे दुसरे वलय जोडलेले आहे अशी कल्पना करावी. या दुसऱ्या वलयात कार्बनांखेरीज एक ऑक्सिजन व एक नायट्रोजन असेल, तर त्या जोडवलयास बेंझॉक्साझोल म्हणतात. वलयात कार्बनाहून वेगळा अणू असलेल्या संयुगांना विषमवलयी संयुगे असे नाव आहे. ऑक्सिजनच्या जागी गंधक आला की बेंझोथायाझोल होते आणि दुसरा नायट्रोजन आला की बेंझिमिडाझोल. ही तीन सख्खी भावंडे होत. जंतांवरील अल्बेंडाझोल आणि आम्लपित्तासाठी सर्रास दिले जाणारे ओमेप्राझोल ही दोन्ही औषधे बेंझिमिडाझोल कुळातील आहेत. क्लोरझॉक्साझोन हा बेंझॉक्साझोलचाच जवळचा आप्त आहे. त्याच्या पाच अणूंच्या वलयातील एका कार्बनास ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडलेला असल्याने त्यास बेंझॉक्साझोलोन म्हणतात. स्नायूंची ताठरता कमी करणारे औषध म्हणून तो १९५८ पासून वापरात आहे.

वलय कसे जुळते?

या वर्गाच्या संश्लेषणाची मूळ युक्ती सव्वाशे वर्षांहून जुनी आहे आणि ती समजण्यास कठीण नाही. ऑर्थो-अमिनोफेनॉल नावाचे एक साधे संयुग आहे. बेंझीनच्या वलयावर शेजारी शेजारी एक हायड्रॉक्सिल गट आणि एक अमिनो गट, एवढेच त्याचे स्वरूप. म्हणजे भावी वलयाचे ऑक्सिजन व नायट्रोजन हे दोन्ही अणू जागेवर तयारच असतात. उणीव असते ती त्यांना सांधणाऱ्या एका कार्बनाची. तो कार्बन कोठून आणावयाचा, यावरून पद्धतींचे प्रकार पडतात.

पहिला प्रकार सेंद्रिय आम्लापासून. अमिनोफेनॉल व आम्ल एकत्र तापविले असता पाण्याचे दोन रेणू निघून जातात आणि वलय मिटते. जर्मन रसायनज्ञ अल्बर्ट लाडेनबुर्ग यांनी १८७० च्या दशकात या दिशेने काम केले. याच लाडेनबुर्गांनी १८८६ साली कोनीन या वनस्पतिज विषाचे संश्लेषण केले. प्रयोगशाळेत तयार झालेला तो पहिला अल्कलॉइड होय. नुसत्या उष्णतेने होणाऱ्या या क्रियेस फार तीव्र तापमान लागते, म्हणून पुढे पॉलिफॉस्फोरिक आम्लासारखे पाणी शोषून घेणारे द्रव्य वापरण्याची पद्धत रूढ झाली. आम्लाऐवजी त्याचे क्लोराइड घेतले तर क्रिया अधिक सुलभ होते.

दुसरा प्रकार अल्डिहाइडपासून. कडू बदामाच्या वासाचा बेंझाल्डिहाइड आपल्या परिचयाचा आहे. तो अमिनोफेनॉलशी संयोग पावून प्रथम शिफ बेस नावाचे मध्यवर्ती संयुग देतो. त्याचे ऑक्सिडीकरण केले की वलय पूर्ण होते. जुन्या काळी यासाठी शिशाचे लवण वापरीत. आता सौम्य ऑक्सिडीकारके, किंवा उत्प्रेरकाच्या साह्याने हवेतील ऑक्सिजनही पुरतो.

तिसरा प्रकार अलीकडचा. यात ऑक्सिजन आधीपासून जागेवर असण्याचीही गरज नाही. बेंझीन वलयावर एक अमाइड गट असतो. तांब्याच्या उत्प्रेरकाने त्यातील ऑक्सिजन शेजारच्या कार्बनाशी जोडला जातो. २००८ साली जपानी संशोधकांनी ऑक्सिजनच्या वातावरणात ताम्रलवण वापरून हे साधून दाखविले. ज्या ताम्राच्या शोधन-मारणात आपल्या रसवैद्यांनी आयुष्ये वेचली, तेच ताम्र तेथे अल्प प्रमाणात राहून वलय जुळविण्याचे काम करते.

क्लोरझॉक्साझोनची कृती यांहून सोपी आहे. क्लोरिनयुक्त अमिनोफेनॉल घ्यावयाचे आणि युरिया किंवा फॉस्जीन यांच्याकडून एक कार्बन मिळवावयाचा. युरिया वापरल्यास अमोनिया निघून जातो आणि वलय मिटते. कच्चा माल स्वस्त, पायऱ्या थोड्या. व्यापाऱ्याचे 'सत्त्व' शल्लकीहून स्वस्त का होते, याचे उत्तर येथे आहे. वृक्षाला खाच पाडून, निर्यास सुकवून, निवडून, शोधून आणण्याचे श्रम त्यात नव्हतेच.

निसर्गही हेच वलय घडवितो

येथवर वाचून 'संश्लेषित म्हणजे विष' असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो घाईचा ठरेल. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, अपामार्गतण्डुलीय अध्यायात, भाजलेल्या गवेधुकाची मधयुक्त यवागू कर्शनासाठी सांगितली आहे. गवेधुक म्हणजे रानजोंधळा, काही भागांत कसई. याच वनस्पतीच्या मुळांतून जपानी संशोधकांनी १९५० च्या दशकात एक द्रव्य वेगळे केले व वनस्पतीच्या शास्त्रीय नावावरून त्यास कोइक्सॉल म्हटले. ते मेथॉक्सी-बेंझॉक्साझोलिनोन आहे. म्हणजे क्लोरझॉक्साझोनमध्ये जे जोडवलय तेच येथे.

त्याच दशकात फिनलंडमध्ये नोबेल पारितोषिक विजेते रसायनज्ञ आर्टुरी व्हिर्टानेन यांच्या गटाने राय या धान्याच्या अंकुरांत, आणि पुढे गहू व मका यांत, याच वर्गाची द्रव्ये दाखवून दिली. या वनस्पतींची पद्धत मनोरंजक आहे. अखंड रोपात हे द्रव्य या रूपात नसते. त्याचे पूर्वरूप शर्करेशी बांधलेले असते. कीटकाने पान कुरतडले किंवा आपण ते कुटले, की एंझाइम व पूर्वरूप एकत्र येतात, शर्करा सुटते आणि सहा अणूंचे वलय आकुंचन पावून पाच अणूंचे बेंझॉक्साझोलिनोन तयार होते. ताज्या स्वरसात जे असते ते सुकविलेल्या चूर्णात तसेच असेल असे नाही, हा पंचविध कषाय कल्पनांमागील विचार येथे रेणूच्या पातळीवर दिसतो.

भावंडांचेही तसेच. काजव्याचा प्रकाश ज्या ल्युसिफेरिनपासून उत्पन्न होतो त्यात बेंझोथायाझोल वलय आहे आणि जीवनसत्त्व बी-१२ च्या रेणूत बेंझिमिडाझोलचे अनुजात आहे. तेव्हा वलय प्रयोगशाळेत मिटले की मुळांत, यावर ते विष की औषध हे ठरत नाही. तीक्ष्ण विषही युक्तीने योजल्यास उत्तम औषध होते आणि औषधही दुर्योजनेने विष होते, हा चरकोक्त विचार वत्सनाभास लागू आहे तसाच क्लोरझॉक्साझोनलाही.

बेनॉक्साप्रोफेनचा धडा

या वर्गातील औषधांचा इतिहास दोन्ही बाजू दाखवितो. बेनॉक्साप्रोफेन हे संधिवातावरील बेंझॉक्साझोल वर्गाचे औषध १९८० साली ब्रिटनमध्ये व १९८२ साली अमेरिकेत बाजारात आले. त्याची मोठी प्रसिद्धी झाली. मात्र वृद्ध रुग्णांच्या शरीरातून ते तरुणांच्या तुलनेने फार सावकाश बाहेर पडत असे. परिणामी ते साचत गेले. यकृत व वृक्क यांवर घातक परिणाम झाले, मृत्यू घडले आणि ऑगस्ट १९८२ मध्ये ते दोन्ही देशांतून मागे घ्यावे लागले. संधिवाताचे बहुसंख्य रुग्ण वृद्धच असतात. वय, बल व अग्नी यांचा विचार मात्रा ठरविण्याआधी करावा, हे आपण प्रथम वर्षापासून शिकतो. तो विचार सुटला की काय होते, याचे हे उदाहरण प्रत्येक वैद्याने लक्षात ठेवावे.

याउलट टॅफामिडिस. हेही बेंझॉक्साझोलच, अमिनो-हायड्रॉक्सिबेंझोइक आम्ल व डायक्लोरोबेंझॉइल क्लोराइड यांपासून वर सांगितलेल्या पहिल्या प्रकारानेच तयार होते. रक्तातील ट्रान्सथायरेटिन हे प्रथिन विस्कटून हृदयात व नाड्यांत साचू नये म्हणून ते त्या प्रथिनास स्थिर करते. युरोपात २०११ साली नाडीविकारासाठी व अमेरिकेत २०१९ साली हृद्विकारासाठी त्यास मान्यता मिळाली. जोडवलय एकच, पण एक औषध मागे घ्यावे लागले, दुसरे अन्यथा असाध्य व्याधीत उपयोगी पडले. वर्गाचे नाव पाहून भिणे आणि वर्गाचे नाव पाहून भुलणे, दोन्ही अज्ञानाचेच प्रकार होत.

मग आक्षेप कशास?

आमचा आक्षेप रेणूस नाही, लपवाछपवीस आहे. क्लोरझॉक्साझोन ज्या वैद्यकाचे औषध आहे तेथे ते मात्रा, कालावधी व सावधगिरी यांसह दिले जाते. त्याने क्वचित, परंतु पूर्वसूचनेवाचून, गंभीर यकृतबाधा होऊ शकते. यकृतातील ज्या एंझाइमकडून त्याचे रूपांतर होते, तेच एंझाइम मद्यावर व पॅरासिटामॉलवरही काम करते. आता ज्याला आपण शल्लकी देत आहोत असे समजतो तो रुग्ण नित्य मद्यपी असेल, अन्यत्र पॅरासिटामॉल घेत असेल किंवा आधीच कामलेतून उठला असेल, तर आपण त्यास काय विचारणार? आपल्याला ठाऊकच नसलेल्या औषधाचे अपथ्य आपण कसे सांगणार? आणि उद्या त्याचे डोळे पिवळे झाले, तर दोष शल्लकीच्या व आयुर्वेदाच्या माथी येणार.

दुसरा मुद्दा शोधनाचा. अशुद्ध पारद कोणी रसकल्पात घालीत नाही. संश्लेषित द्रव्यासही शोधन असते. पुनःस्फटिकीकरण, अवशिष्ट कच्च्या मालाची मर्यादा, वितळबिंदू यांच्या कसोट्या त्यास लावल्या जातात. शुद्ध क्लोरझॉक्साझोन सुमारे १९१ अंश सेल्सिअसला वितळते. त्यात मागे राहू शकणारे क्लोरो-अमिनोफेनॉल ही औषधकोशाने नोंदलेली अशुद्धी आहे. बदामी रंगात लपवून विकले जाणारे चूर्ण यांपैकी कोणत्या कसोटीतून गेले, हे विकणारा सांगू शकत नाही. म्हणजे ते ना धड आपले औषध, ना धड त्यांचे.

तिसरा मुद्दा कायद्याचा. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० नुसार आयुर्वेदीय औषध म्हणजे पहिल्या अनुसूचीतील प्रमाणग्रंथांच्या योगांनुसार तयार झालेले औषध. भेसळयुक्त आयुर्वेदीय औषधासाठी कलम ३३-ईई आहे आणि नियम १६१ अन्वये लेबलावर घटकांची खरी यादी देणे बंधनकारक आहे. व्यापाऱ्याने फसविले हे सत्य असले तरी बाटलीवर नाव आपले असते.

काय करता येईल?

एक हिशेब मांडून पाहावा. क्लोरझॉक्साझोनची प्रौढ मात्रा एका वेळेस २५० ते ५०० मिलिग्रॅम. एक ग्रॅम चूर्णाने अर्ध्या तासात वेदना थांबवावयाची, तर त्यात किमान पाव भाग तरी हे द्रव्य असले पाहिजे. म्हणजे ही भेसळ चिमूटभर नसते, ढोबळ असते; आणि ढोबळ भेसळ साध्या साधनांनी सापडते. चूर्ण मिथेनॉलमध्ये ढवळून गाळावे. सिलिका जेलच्या पट्टीवर त्याचा थेंब, शेजारी खात्रीच्या शल्लकीचा व प्रमाण क्लोरझॉक्साझोनचा थेंब ठेवून पातळ थर वर्णलेखन, म्हणजे आपली परिचित टीएलसी, करावी. २५४ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली पट्टी चमकते आणि अशी वलययुक्त द्रव्ये तिच्यावर काळसर ठिपक्याच्या रूपाने दिसतात. समान उंचीवरचा ठिपका हा पुरावा नव्हे, संशय होय. खात्री मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतील एचपीएलसीने करून घ्यावी. ठिपका न दिसल्यानेही निर्धास्त होऊ नये, कारण भेसळ डायक्लोफेनॅकची किंवा स्टेरॉइडचीही असू शकते. प्रत्येक संशयितासाठी निराळा प्रमाण नमुना लागतो.

एक सावधगिरीही सांगून ठेवतो. ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली निळसर चमकणारी प्रत्येक वस्तू भेसळीची नसते. प्लास्टिक व कृत्रिम धागे अधिक शुभ्र दिसावेत म्हणून त्यांत घातली जाणारी काही उजळके बेंझॉक्साझोलचीच अनुजाते आहेत. नमुना प्लास्टिकच्या डबीत न ठेवता काचेत ठेवावा. अन्यथा डबीचा दोष चूर्णास लागावयाचा.

औषधनिर्मात्यांनी प्रत्येक खरेदीचा नमुना जपून ठेवावा आणि विश्लेषण प्रमाणपत्रावाचून कोणतेही घनसत्त्व स्वीकारू नये. प्रत्येक लहान फार्मसीस स्वतंत्र प्रयोगशाळा परवडत नाही, हे आम्ही जाणतो. जिल्ह्यातील पाच-सात फार्मसींनी मिळून एक दिवा, पट्ट्या व प्रमाण नमुने बाळगणे अशक्य नाही. जवळच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्र विभागाकडे विनंती केल्यास हात आखडता घेतला जात नाही, असा आमचा अनुभव आहे. संघटनेने यात पुढाकार घ्यावा.

वैद्यबंधूंना मात्र आमची विनंती निराळी आहे. भेसळ करणारा व्यापारी आकाशातून पडत नाही. तो मागणीमागून येतो. अर्ध्या तासात गुण देणारी गुग्गुळकल्पना आपण मागतो, तेव्हा ती पुरविणारा कोणीतरी निघतोच. ज्या रुग्णास त्वरित वेदनाशमनाची खरी निकड आहे त्यास स्नेहन, स्वेदन, अग्निकर्म, बस्ती हे उपाय आहेत. आणि तेवढ्याने भागत नसेल तर त्यास मोकळेपणाने आधुनिक वैद्यकाच्या तज्ज्ञाकडे पाठवावे. तो घेईल ते औषध त्याच्या नावानिशी घेईल आणि आपल्यालाही ते ठाऊक राहील. त्यात आयुर्वेदाचा कोणताही कमीपणा नाही.

त्या बदामी चूर्णाचा उरलेला नमुना आम्ही आजही काचेच्या बाटलीत मोहोरबंद करून ठेवला आहे. नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येक सहकाऱ्यास तो दाखवितो आणि अहवाल आला नसता तर आपण तो माल घेणार होतो, हेही सांगतो. ज्या द्रव्याचे नाव, घडण व शोधन आपल्याला ठाऊक नाही ते आपल्या कुपीत जाणार नाही, एवढा निश्चय प्रत्येक औषधनिर्माणशाळेने केला, तरी या लेखाचे प्रयोजन सफल झाले असे आम्ही समजू. सुज्ञांस अधिक काय सांगावे!